निझव्यात वाळलेली बोट

बोटीच्या डाव्या अंगाला फळ्यांच्या पंधरा ओळी होत्या आणि उजव्या अंगाला पंधरा. दोन ओळींमध्ये एक, अशा दोन्हीकडे चौदा-चौदा फटी. नूरैनने बोटीच्या पोटात, तळाच्या कण्यावर उभं राहून त्या मान वर करत करत मोजल्या. डावीकडच्या अकरा फटींतून बाहेरचा उजेड आत येत होता, उजवीकडच्या सातांतून. याखेरीज बोटीत होतं ते असं: पक्ष्यांची दोन घरटी, दोन्ही रिकामी, गांधीलमाशांचं एक पोळं, रिकामं नाही, खजुराच्या बिया, ज्या तिने शंभरानंतर मोजायच्या सोडून दिल्या, कॉफीचे नऊ कागदी पेले, आणि लहान मुलाची एक गुलाबी चप्पल, डाव्या पायाची.

तेवढ्यात ऊन जरासं सरकलं आणि मोजणं आपोआप थांबलं. डावीकडच्या अकराही फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत आल्या, पोटातल्या धुळीत उभ्या राहिल्या आणि तिरक्या जाऊन समोरच्या फळ्यांवर टेकल्या. कोणी पिवळ्या काचेच्या फळ्या करून बोटीच्या आत दुसरी बोट बांधायला घेतली असावी, तसं ते दिसत होतं. नूरैनने हात पुढे केला. हाताचे उजेड-अंधाराचे तुकडे झाले.

"अब्बा, आत या! इथून अख्खा सीबचा बाजार दिसतोय."

"दिसतोय तेवढा सगळा बुजवायचाय, बाय," बाहेरून मुस्तफाचा आवाज आला. "तू आधी ते पोळं बघ. पोळ्यासकट रंग मारायला मी काय कंत्राटदार नाही."

मुस्तफा गेली सव्वीस वर्षं मस्कतजवळ सीबच्या मासेमारी बंदराजवळच्या आवारात बोटी दुरुस्त करत होता. बोटी म्हणजे फायबरच्या. त्यांना कापड चिकटवायचं, वरून रसायन फासायचं, घासायचं. हे करताना त्याचं तोंड कायम कडू औषध घेतल्यासारखं असायचं. कारण मुस्तफा दाभोळ खाडीकाठचा. त्याचा बाप मचवे बांधायचा आणि त्या मचव्यांच्या लाकडाच्या ढलप्यांवरच घरची चूल पेटायची. लाकडाला हात लावायची संधी मस्कतच्या किनाऱ्यावर अलीकडे फारशी येत नव्हती. ती आता आली होती आणि तीही चाळीस फुटांची.

बोटीचं नाव सलामा. मालक मजीद, सीबचाच, सत्तरीला टेकलेला ओमानी. त्याच्या बापाने ही बोट मलबारहून आणलेल्या सागाची बांधून घेतली होती. तिने साठ वर्षं मासळी, खजूर आणि एकदा एक अख्खं लग्नाचं वऱ्हाड वाहिलं. मग मजीदचे गुडघे गेले. निझव्याला त्याच्या पुतण्याने खजुराच्या बागेत पाहुण्यांसाठी घरं बांधली होती. दारात शोभेला बोट हवी म्हणून त्याने ती मागून घेतली. सलामा ट्रेलरवर चढली, डोंगर ओलांडून समुद्रापासून दीडशे किलोमीटर आत गेली आणि दोन उन्हाळे खडीवर उभी राहिली. तिच्या बरगड्यांत भोकं पाडून रंगीत दिवे लावले. ऑगस्टमध्ये मजीद पुतण्याकडे जेवायला गेला, तेव्हा बोटीच्या डाव्या अंगावर खडूने एक चौकट आखलेली होती. तिथे दरवाजा कापून आत कॉफीचा गल्ला टाकायचा होता.

मजीदने जेवण पुरं केलं, हात धुतले आणि ट्रेलर मागवला.

सीबला आल्यावर त्याने मुस्तफाला बोलावून घेतलं. ऑक्टोबर ते एप्रिल हा पाहुण्यांचा हंगाम. मस्कतच्या पलीकडे बंदर खैरानला समुद्र उघड्याबोडक्या डोंगरांमध्ये गल्लीबोळांसारखा आत शिरतो. त्या पाण्यातून लोकांना फिरवायचं. सलामा दुरुस्त करायची मुस्तफाने आणि चालवायचीही त्यानेच, तांडेल म्हणून. "लेकिन पुतण्याने मुझे जबान में पकडा है," असं काहीसं हिंदी-मराठी-अरबी एकत्र करून मजीद म्हणाला. पुतण्याचं म्हणणं होतं की वाळलेली बोट पुन्हा तरंगत नाही, काका उगाच हट्ट करतात. ठरलं ते असं: काम पुरं झाल्यावरच्या गुरुवारी बोट पाण्यात घालायची. रविवारी दुपारी जुहरच्या अजानला पंप बंद करायचा आणि तिसऱ्या प्रहरी असरच्या अजानला आतलं पाणी मोजायचं. दोन अंगुळांपेक्षा, म्हणजे चारेक सेंटिमीटरपेक्षा, जास्त चढलं तर सलामा निझव्याला परत, चौकट कापून.

मुस्तफाच्या हाताखाली सव्वीस वर्षांत शेकडो बोटी गेल्या होत्या. त्याच्या ताब्यात एकही नव्हती.

नूरैन त्याची थोरली. पुण्याला पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून आली होती आणि माबेलाच्या औद्योगिक भागात सिमेंट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला लागली होती. दिवसभर काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचे आणि किती दाबाला फुटले ते लिहायचं. तीन वाजता सुटली की गाडी घेऊन ती सरळ आवारात यायची. तिथे अजून एक माणूस असायचा, जनार्दन. गुहागरकडचा. इंजिनाचा मिस्त्री. मुस्तफाचा गेल्या वीस वर्षांचा मित्र आणि तेवढ्याच वर्षांचा टीकाकार.

"काय गो, आज किती सिमेंट फोडलंस?" इंजिनाच्या खड्ड्यातून त्याचं डोकं वर यायचं.

"चोवीस ठोकळे, काका."

"तुझ्या बापाचं डोकं ने एकदा. मशीन मोडेल."

सप्टेंबरच्या मध्यावर सांधे भरायचं काम सुरू झालं. मुस्तफाने कापसाचे पीळ वळून तेलात भिजवले. डाव्या हातात चपट्या तोंडाची छिन्नी, उजव्या हातात लाकडी हातोडा. पीळ फटीत बसवायचा आणि छिन्नीने ठोकत न्यायचा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. सुरुवातीला आवाज बद्द येतो. सांधा भरत आला की तो चढतो, आणि पूर्ण भरला की ठोक्यासरशी छिन्नी उसळते आणि अख्खी बोट घंटेसारखी वाजते.

"ऐक," मुस्तफा म्हणाला आणि ठोका दिला. ठण्ण. "माझा बाप सांगायचा, हा सूर लागेपर्यंत जेवायचं नाही."

नूरैनने फळीला कान लावला. दूर नाळेकडे, बोटीच्या पुढच्या टोकाला, ठोकलेला ठोका तिला लाकडातून आधी ऐकू आला आणि हवेतून मग. अंतर अगदी क्षणाचं, पण होतं. तिने पुन्हा ठोकायला लावलं. मुस्तफाने ठोकलं. तिने तिसऱ्यांदा लावलं.

"पोरगी बोटीला ताप आलाय का बघतेय," जनार्दन म्हणाला.

त्या आठवड्यात डावीकडचे आठ सांधे भरले आणि आठही वाजले. दरम्यान निझव्याच्या दिव्यांची भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवायची होती. त्यासाठी भोकांच्या कडेचं फुटकं लाकूड कापून काढलं. त्यातला एक तुकडा नूरैनने खिशात टाकला. हातात घेताना तो तिला हलका वाटला होता. सागाचा तुकडा किती जड लागायला हवा हे तिच्या हाताला फारसं ठाऊक नव्हतं, पण या लाकडाने काहीतरी गमावलं आहे एवढं तिच्या तळहाताला कळलं.

माबेलाच्या घरी नूरैनच्या आईकडे, गुलबानूकडे, तोलायचा बारीक काटा होता आणि चांगला ओव्हनही, कारण ती ऑर्डरप्रमाणे केक करायची.

"माझ्या ओव्हनमध्ये लाकूड?" गुलबानू दारातच आडवी आली. "उद्या खालच्या यशच्या वाढदिवसाचा केक आहे. सागाचा वास आला तर काय सांगू त्याच्या आईला, फर्निचर फ्लेवर?"

"अम्मी, रात्रभरच. मंद आचेवर."

"बिर्याणी आहे का ती, मंद आचेवर!"

पण ओव्हन मिळाला. तुकडा आत जाताना भरला बेचाळीस ग्रॅम. सगळं पाणी उडून गेल्यावर भरला चाळीस. म्हणजे शंभर भाग कोरड्या लाकडात पाणी पाच भाग. नूरैन काट्यासमोर बसून राहिली. दाभोळला वळचणीखाली ठेवलेल्या लाकडातही याच्या तिप्पट पाणी असतं. निझव्याच्या दोन उन्हाळ्यांनी सलामाला असं पिळून काढलं होतं, की तिच्यात एखाद्या कपाटाइतकंही पाणी उरलं नव्हतं.

मग तिने बोटीतून काढून टाकलेल्या एका फळीचा दोनशे मिलिमीटर रुंद तुकडा समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवला आणि रोज मोजला. चौथ्या दिवशी तो दोनशे पाच भरला.

पाच मिलिमीटर. तिने ते तीनदा मोजून पाहिलं. हा तुकडा ज्या झाडाचा, ते साठ-सत्तर वर्षांपूर्वी पडलं होतं. करवतलं, घडवलं, खिळ्यांनी ठोकलं, खाऱ्या पाण्यात राबलं, वाळवंटात वाळलं. झाड केव्हाच मेलं होतं, पण पाणी प्यायची त्याची सवय मेली नव्हती. पाणी मिळाल्याबरोबर ते प्यायलं आणि रुंद झालं. फळी पाच मिलिमीटर रुंद होणार, शेजारची पाच होणार, तिच्या शेजारचीही. आणि त्यांच्या मधल्या फटी तर तिच्या अब्बांनी घंटेसारख्या वाजेपर्यंत गच्च भरून टाकल्या होत्या. मग त्या फळ्या जाणार कुठे?

टाकाऊ फळ्यांचे तुकडे घेऊन तिने बोटीच्या दोन छोट्या प्रतिकृती केल्या: एका आडव्या बरगडीवर चार-चार तुकडे शेजारी शेजारी, खिळे ठोकून, दोन्ही टोकांना न हलणारा आडसर. पहिली प्रतिकृती घेऊन ती अब्बांकडेच गेली.

"हिचे सांधे बोटीचे भरता तसेच भरून द्या."

"खेळणं आहे का?"

"हो."

मुस्तफाने हसत हसत भरून दिले. चिमुकले सांधे, पण सूर लागल्याशिवाय सोडले नाहीत. दुसऱ्या प्रतिकृतीत नूरैनने स्वतः फटीत कापसाचा एकच सैल पीळ ठेवला. दोन्ही प्रतिकृती माबेलाच्या गॅलरीत कपड्यांच्या टबात, सीबच्या पाण्यात बुडाल्या.

शुक्रवारी सकाळी नाश्त्याला सगळे बसले होते. गॅलरीत बंदुकीसारखा आवाज झाला. गुलबानू आधी गॅसकडे धावली. मुस्तफा गॅलरीकडे गेला आणि तिथेच थांबला.

पहिल्या प्रतिकृतीचे मधले दोन तुकडे बरगडीवरून उठून उभे राहिले होते, पुस्तक उघडावं तसे. एका खिळ्याचं डोकं लाकडातून आरपार ओढलं गेलं होतं आणि दुसरा खिळा मोडला होता. शेजारी दुसरी प्रतिकृती शांत होती. नूरैनने टेबलावरचं गुलबानूचं ओळखपत्र आणून तिच्या फटीत घालून पाहिलं. ते शिरेना.

मुस्तफा वाकला. त्याने उठलेल्या तुकड्याखालच्या पोकळीत अंगठा घातला आणि तसाच ठेवला.

"आमच्याकडे असं कधी झालं नाही," तो म्हणाला.

"कसं होईल, अब्बा? आपल्याकडे पावसाळ्यात बोटी वर ओढतात. नारळाच्या झापाखाली राहिल्या तरी हवा ओली असते, लाकूड सुकतच नाही. ओल्या लाकडात कापूस गच्चच भरावा लागतो. आजोबांचं बरोबरच होतं."

"आणि मजीदच्या बापाचं?"

"त्यांची बोटही कायम किनाऱ्यालाच असायची. निझव्याला गेलेली बोट आधी कोणी भरली आहे?"

मुस्तफाने मान हलवली. कोणीच नाही. त्याने अंगठा बाहेर काढून पाहिला. त्यावर वळ उठला होता.

"आठ सांधे," तो म्हणाला. "आठही कसे वाजत होते गं."

जुम्म्याची नमाज झाल्यावर तो एकटाच आवारात गेला. नूरैन पोचली तेव्हा त्याने वाकड्या आकड्याने तिसऱ्या सांध्यातला कापूस ओढून काढायला घेतला होता. पायाखाली तेलकट पिळांचा ढीग पडला होता. ती दुसरा आकडा घेऊन शेजारी बसली.

पुढचा प्रश्न सोपा नव्हता. गच्च नाही, तर किती? नूरैनला फळी किती फुगेल ते सांगता येत होतं, पण कापूस किती दबेल ते नाही. मुस्तफाला कापूस माहीत होता, पण असलं लाकूड नाही. ती फट मोजायची आणि आकडा म्हणायची. तो पीळ दोन बोटांत फिरवून जाड-बारीक करायचा. ठोकायचं नाही, नुसतं ठेवायचं. तरंगल्यावर जेवढा भाग पाण्याखाली जाणार तेवढ्याला वरून चुना आणि चरबीचा लेप द्यायचा. वरच्या सांध्यांना तोही नाही, लाकूड फुगल्यावर बघू. काम झालं तेव्हा मुस्तफाने सवयीने एका सांध्यावर हातोडा मारला. बद्द आवाज आला. त्याने हातोडा पिशवीत ठेवून दिला.

पोटात उभं राहिलं की आता उन्हाच्या पट्ट्या नव्हत्या. पण वरच्या सात-सात सांध्यांत पिळाच्या कडेने सुतासारख्या उजेडाच्या रेघा अजून होत्या. नूरैनने मोजल्या. दोन्हीकडच्या मिळून चौदाच्या चौदा.

गुरुवारी भरतीला सलामा पाण्यात उतरली. मजीद खुर्ची टाकून बसला होता, काठीवर दोन्ही हात. निझव्याचा ट्रेलर आवाराबाहेर उभा होता. पुतण्याने तो भाड्याने रविवारपर्यंत ठेवला होता. बोट उथळ पाण्यातच बांधली. बुडालीच तर तळाला टेकेल, हाताशी राहील.

तिला बुडायची घाईच झाली होती. तळाच्या सांध्यांतून पाणी आत आलं, मग बाजूंच्या. लेप जागोजागी फुगून सुटला. आत पाणी खळाळत नव्हतं. ते सगळीकडून एकदम पाझरत होतं, आणि त्याला आवाज नव्हता म्हणून ते जास्त वाईट दिसत होतं. जनार्दनने दोन्ही पंप सुरू केले.

"मुस्तफा," मजीद किनाऱ्यावरून ओरडला, "ये बोट है या चाय की छन्नी?"

"अर्बाब," मुस्तफा मालकाला म्हणाला, "थोडा सबर."

"सबर मेरे पास बहुत है. पाणी के पास नहीं है!"

नूरैनने काठीवर खडूने खूण करून पंप पाव तास थांबवायला लावले. पाणी बावीस सेंटिमीटर चढलं. जनार्दनने काठीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि पंप पुन्हा सुरू केले.

"मी आज घरी जाऊन माझे देव पाण्यात ठेवतो," तो मुस्तफाला म्हणाला. "तुझी बोट तर तू ठेवलीच आहेस."

मुस्तफा हसला नाही. तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता, तळहात सलामाच्या अंगावर टेकवून. आता बोट वर ओढली, कापूस ठोकून गच्च भरला, तर हे पाणी आज थांबलं असतं. रविवारची परीक्षाही ती कदाचित पास झाली असती आणि मग महिन्याभरात कुठल्यातरी खोल पाण्यात, पाहुणे बसलेले असताना, फळी उठली असती. हे त्याला आता ठाऊक होतं. पण समोर चढणारं पाणी दिसत होतं आणि तो महिना दिसत नव्हता.

"बाय," त्याने विचारलं, "तुझा आकडा काय म्हणतो?"

नूरैनला खोटं धीराचं काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तिला ते जमलं नाही.

"आकडा म्हणतो, फटी मिटतील. किती दिवसांत ते म्हणत नाही. माझा तुकडा पातळ होता, अब्बा. ही फळी जाड आहे. रविवारपर्यंत होईल की नाही, मला माहीत नाही."

मुस्तफा किनाऱ्यावर चढला, सुतारकामाच्या खोपटातून भुशाची दोन पोती उचलून आणली आणि परत पाण्यात उतरला. पोतं पाण्याखाली नेऊन तो बोटीच्या पोटाखाली ते झटकू लागला. भुसा पाण्यात ढगासारखा पसरला. आणि मग नूरैनने, बोटीच्या कडेवरून वाकून, ते पाहिलं: तो ढग हळूहळू लांबत गेला, त्याच्या रेघा झाल्या आणि प्रत्येक रेघ एकेका सांध्याकडे ओढली गेली. आत शिरणारं पाणीच भुशाला वाट दाखवून जिथे फट होती तिथे नेऊन बसवत होतं. कुठली फट मोठी, कुठली लहान, हे कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" ती ओरडली.

"बापाने. मचवा फुटला की पाण्याकडूनच बुजवून घ्यायचा," मुस्तफा खालून म्हणाला. "तोवर तुझं लाकूड पिऊ दे."

वरच्या फळ्या पाण्याबाहेर होत्या. त्यांना पाणी कसं मिळणार? मुस्तफाने दोन्ही कडांवरून तागाची गोणपाटं सोडली आणि नूरैन, जनार्दन, शेवटी खुर्ची सोडून मजीदसुद्धा, त्यांच्यावर बादलीने समुद्र ओतत राहिले. सत्तरीचा मालक गुडघ्याला हात लावत वाकायचा, बादली भरायचा आणि ओतताना आपल्या बोटीशी अरबीत काहीतरी बोलायचा.

शुक्रवारी दुपारपर्यंत एक पंप पुरेसा होऊ लागला.

शनिवारी सकाळी ती पोटात उतरली तेव्हा आवाज येत होते. आधी तिला वाटलं उंदीर असावा. टक्. बऱ्याच वेळाने नाळेकडून लांब, खालच्या सुरातलं कुरकुरणं. पुन्हा टक्, पाठीमागे. तिने फळीला कान लावला. अख्खी बोट हलत होती. लाटेने नव्हे, आतून. तीस ओळींतली प्रत्येक फळी शेजारणीकडे सरकत होती, केसाच्या जाडीने, आणि सरकताना बरगडीवर टेकून एकदा हुंकार देत होती. साठ वर्षांपूर्वी ज्या सुताराने या फळ्या एकमेकींना लावल्या, त्याने त्या जशा बसवल्या होत्या, त्याच जागा त्या आता आपापल्या शोधत होत्या.

"अब्बा," ती हळूच म्हणाली, मोठ्याने बोललं तर ते थांबेल की काय अशा भीतीने. "आत या."

मुस्तफा आला. त्याच्या मागून जनार्दन आला, हातात पाना, तोंडात काहीतरी टोमणा तयार. तोही मधेच थांबला. तिघं कण्यावर उभे राहिले, घोट्याइतक्या पाण्यात, आणि ऐकत राहिले.

"आईच्यान," जनार्दन म्हणाला.

नूरैनने वर पाहिलं. वरच्या चौदा सांध्यांतल्या उजेडाच्या रेघा ती मोजू लागली. डावीकडे सहा होत्या, उजवीकडे तीन. गोणपाटांतून पाणी खाली येत होतं, फळ्यांतून वर चढत होतं, आणि ती बघत असतानाच डावीकडची एक रेघ टोकाकडून आखूड होत गेली, मधे तुटली, दोन ठिपके उरले, मग एक, मग तोही नाही. अंधार आला म्हणून इतका आनंद तिला आधी कधी झाला नव्हता.

रविवारी नूरैनने कामावरून सुट्टी घेतली. पुतण्या निझव्याहून आला होता, स्वच्छ पांढरा पायघोळ दिशदाशा, डोळ्यांवर गॉगल. त्याने सगळ्यांशी हात मिळवले आणि काकाच्या कपाळाचं चुंबन घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कॉफीचा गल्ला हवा होता.

जुहरची अजान झाली. जनार्दनने पंप बंद केला. नूरैनने तळातल्या काठीवर पाण्याच्या रेषेला खडूने खूण केली आणि सगळ्यांना ती दाखवली. मग सगळे वर आले आणि मजीदने बोटीला कोणी हात लावायचा नाही असं बजावलं.

वाट बघण्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं. जनार्दनने चहा केला. पुतण्याने मुस्तफाला विचारलं की समजा बोट परत गेली, तर दरवाजा कापायला तो येईल का, चांगला सुतार आहे म्हणून. मुस्तफाने शांतपणे कपात बिस्कीट बुडवलं.

"दरवाजाच हवा तर मी तुम्हाला नवीन लाकडाची बोट करून देतो," तो म्हणाला. "ती तरंगायला नको. ती सोपी."

मजीद इतका हसला की त्याला ठसका लागला.

मुस्तफा नमाज पढून आल्यावरही किनाऱ्यावरच बसून राहिला, हातांचे तळवे मांडीवर उताणे ठेवून. अंगठ्यावरचा वळ आता काळपट झाला होता. नूरैन त्याच्या शेजारी बसली. समोर सलामा आपल्या दोरावर हळू हलत होती. ती नेहमीपेक्षा खाली बसली आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचा मोह नूरैनने आवरला.

"नाही जमलं तर," मुस्तफा तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्यामुळे नव्हे हं. ते मनात आणू नकोस. गच्च भरून मी तिला मारलीच असती."

नूरैनने त्याच्या तळहाताला चिकटलेला भुशाचा कण नखाने काढला.

असरची अजान झाली. मजीद काठी टेकत उठला. "यल्ला, चलो," तो म्हणाला. "बेटी, तुम नापो. हम में से किसी का आँख आज सच्चा नहीं है."

ती एकटीच खाली उतरली. पोटात अंधार होता, एकही रेघ नव्हती, आणि पूर्ण शांतता. लाकडाचे आवाज थांबले होते. तिने वरून दिलेली विजेरी लावली, काठी उचलली आणि ओल्या रेषेपासून खडूच्या खुणेपर्यंत मोजपट्टी धरली. डोळा पट्टीच्या समोर सरळ आणला. काठी उलटी फिरवून दुसऱ्या बाजूनेही मोजलं. वर कडेवरून चार डोकी वाकली होती.

"चार मिलिमीटर," ती म्हणाली.